पंखा फिरतोय, पण वारा लागत नाही

दिवाळीच्या आधीचा आठवडा. नवी मुंबईत, कोपरखैरण्यातलं तळमजल्यावरचं घर. तक्रार एवढीच की कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालतो आणि एकदम बंद पडतो. "दादा, परवाच मुलाने उघडून साफ केलाय," काकू म्हणाल्या. बाजूचं झाकण काढलं तर मदरबोर्ड खरोखर स्वच्छ होता.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, प्रोसेसरचं तापमान सुरुवातीलाच ७१ अंश दिसलं, चार मिनिटांत ९३ वर गेलं. पंख्याचा वेग मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर होता. तरी कूलरच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि त्याखालचा धातूच्या पात्यांचा हीटसिंक यांच्या, कडेला धरलेल्या हाताला वारा जाणवेना. असं झालं की पंखा बदलायची घाई करू नये. पंखा आणि हीटसिंकच्या मध्ये काय अडकलंय, ते आधी बघायचं.

मशीन बंद केलं, भिंतीवरचं बटण बंद, वायर काढली आणि कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो. मशीन थोडं गरम असतानाच कूलर काढायचा, कारण प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट सुकलेली असली तरी गरम असताना सैल होते. एएमडीच्या पिनवाल्या प्रोसेसरला तर हे फार जपावं लागतं. थंड कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून बाहेर येऊ शकतो आणि पिना वाकू शकतात. तिथे कूलर आधी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून सुटा करायचा.

इथे प्रोसेसर इंटेलचा होता आणि कूलरला चार प्लास्टिकच्या पुश-पिना. त्यांच्या डोक्यावर पेचकसाची खाच असते आणि बाणही असतो. ती खाच बघून अनेकांना हा स्क्रू वाटतो. बाणाच्या दिशेने पाव फेरा दिला की पिन मोकळी होते. मुलाने साफसफाईत एक पिन "घट्ट करायला" फिरवली होती. कूलर उचलल्यावर पेस्टच्या ठशातच ते दिसलं: तीन कोपऱ्यांत पातळ, पसरलेला थर आणि चौथ्यात जाड ढेकूळ. म्हणजे तो कोपरा टेकलेलाच नव्हता.

पण मुख्य कारण वेगळंच होतं. पंखा हीटसिंकपासून सोडवल्यावर खाली धुळीची चकती निघाली, नमद्यासारखी घट्ट, पाव इंच जाड. बाहेरून ब्लोअर मारल्याने ती उडाली नव्हती, उलट हीटसिंकच्या पात्यांमध्ये आणखी दाबली गेली होती. कॅबिनेट जमिनीवर, स्वयंपाकघराच्या दाराशी आणि वरच्या फळीवर देवघर. फोडणीच्या तेलाची वाफ आणि उदबत्तीचा धूर यांनी धूळ चिकट होते. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आहेच, वर खाडीकडची दमट हवा. अशी धूळ हवेने निघत नाही, हाताने काढावी लागते.

आधी जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सुटणाऱ्या कापडाने, प्रोसेसर आणि हीटसिंक दोन्हींवरून पुसली. मग नुसता हीटसिंक भांड्यांच्या लिक्विडच्या कोमट पाण्यात, जुन्या टूथब्रशने घासून धुतला आणि उन्हात दोन तास ठेवला. पंखा धुवायचा नाही, पाती अल्कोहोलच्या ओलसर कापडाने पुसायची. ब्लोअर मारताना पंखा बोटाने अडवून धरायचा, नाहीतर तो वेगात फिरून बेअरिंग खराब होतं.

मुलगा कॅबिनेट हवा मारायला पंक्चरवाल्याकडे नेणार होता, हे ऐकून खरंच बरं वाटलं की तो गेला नाही. त्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, कधी तेलही. एका फवाऱ्यात मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो.

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, उघडला नाही, आणि घरी कुणीच उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. जाळीतून पंखा काडीने अडवून बाहेरूनच धूळ काढली. झुरळांची विष्ठाही निघाली.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या पुष्कळजण खोडरबराने घासतात. मला ते पटत नाही, मुलामा झिजतो आणि रबराचे कण स्लॉटमध्ये पडतात. अल्कोहोलचा इअरबड पुरतो. कीबोर्डचा आधी फोटो काढायचा, मग कॅप काढून कोमट साबणपाण्यात धुवायच्या आणि चोवीस तास वाळवायच्या. मॉनिटरला काचेचा स्प्रे नको, जरासं ओलं मायक्रोफायबर कापड पुरे.

नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी, पसरायची नाही, कूलर दाबला की आपोआप पसरते. पुश-पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन-दोन दाबल्या. प्रत्येक पिनेला टक् आवाज यायला हवा, शिवाय मदरबोर्डच्या मागून बघायचं, चारही पिना पूर्ण बाहेर आल्यात ना. इथे चौथी पहिल्या खेपेला अर्धीच बसली होती, ती पुन्हा काढून बसवली.

तापमान ४७ अंश. चाळीस मिनिटं चालू ठेवलं, ४९ च्या वर गेलं नाही. टेबल हलवायला घरात जागा नव्हती, म्हणून कॅबिनेट दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात, दोन विटांवर, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं.