तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेकरूने स्विमिंग पूल मागावा का?

खारघरला भाड्याने घर बघणारं ओळखीतलं कुणीही असो, टोकन देण्याआधी मला फोन येतोच. "तुम्ही एवढी वर्षं भाड्याने राहताय, सोसायटीचे हे सगळे नियम कसे चालवून घेता? पूल, जिम, हॉल, काहीही विचारलं तरी 'टेनंटला नाही'. भांडायचं की गप्प बसायचं?" फोनवर घाईघाईत सांगून होत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

गप्प बसू नका. पण कुठल्या नियमाशी भांडायचं ते आधी ठरवा, आणि ते भांडण गेटवरच्या वॉचमनकाकांशी नको.

आमच्या पूलचे नियम कडक आहेत आणि मला ते मनापासून पटतात. नायलॉनचा कॉस्च्युम आणि टोपी असल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, आधी शॉवर घ्यायचा, लहान मुलांबरोबर मोठं माणूस हवंच. सुती कपड्याचे धागे सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात, केसांचंही तेच. अंगावरचा घाम क्लोरीनमध्ये मिसळला की डोळे चुरचुरतात आणि तो उग्र वास येतो. वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं, खरं तर पाण्यात न धुतलेली अंगं जास्त झालेली असतात. हे नियम मालकाला आणि भाडेकरूला सारखेच लागू आहेत. सामान हलवताना लिफ्टला आतून पॅडिंग लावणं, रविवारी टेम्पो आत न घेणं, हेही तसंच. असे नियम जाच वाटले तरी पाळावेत. आपल्याकडे आधीच शंकेने बघणारे लोक असतात, त्यांना निमित्त देऊ नये.

दुसऱ्या प्रकारच्या नियमाला कारणच नसतं, फक्त माणूस कोण हे बघितलेलं असतं. आमच्या क्लबहाऊसच्या दाराशी एक लांबडं रजिस्टर असतं. फ्लॅट नंबर, नाव, आत गेल्याची वेळ, सही, आणि शेवटी एक अरुंद रकाना. त्यात 'ओ' किंवा 'टी' लिहायचं. ओ म्हणजे ओनर, टी म्हणजे टेनंट. शनिवार-रविवारी टीवाल्यांना पूल बंद. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. शेजारच्या मैत्रिणीबरोबर टॉवेल खांद्यावर टाकून गेली. मैत्रिणीची सही झाली, हिला थांबवलं. मी खाली गेले तर काका उभे राहून म्हणाले, "ताई, मला वरून सांगितलंय." खोटं नव्हतं ते. त्यांना एजन्सी पगार देते, नियम बदलायचा अधिकार त्यांच्याकडे नाही, आणि आमचं ऐकून आत सोडलं तर ओरडा त्यांनाच बसणार. घरी येताना मुलीने विचारलं, "आपण टी का आहोत?" त्या प्रश्नाने मला कायदा वाचायला बसवलं.

वाचल्यावर कळलं ते असं. आपला करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठराविक काळ राहण्याचा असतो आणि सोसायटीचा सभासद मालक असतो. सुविधांवरचा हक्क त्याच्या सभासदत्वातून येतो, आपण त्याच्या जागी राहतो म्हणून तो वापरतो. त्यामुळे "आम्हीही इथेच राहतो" एवढं म्हणून भागत नाही. "या फ्लॅटचा मेंटेनन्स वेळेवर भरला जातो, त्यात पूलचा आणि क्लबहाऊसचा खर्च आहे, आणि या फ्लॅटमधून तो वापरणारे आम्हीच आहोत" असं म्हणावं लागतं. शिवाय घर भाड्याने दिलं म्हणून मालक नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरतोच. सोसायटीला ते मनाला येईल तेवढे लावता येत नाहीत. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या, म्हणजे मेंटेनन्समधल्या रोजच्या सेवांच्या खर्चाच्या, 10 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. सेवाशुल्क महिना 3000 रुपये असेल तर हे जास्तीत जास्त 300. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड यांच्यावर ते मोजायचे नाहीत. ज्या फ्लॅटकडून मालक राहत नाही म्हणून जास्तीचे पैसे घेतले, त्याच फ्लॅटच्या मुलांना दारात अडवायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं करारापासून सुरू होतं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणी करून घेणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. ब्रोकर छापील मसुदा पुढे करतो. त्यात पंखे किती, गीझर किती याची यादी असते, पण पार्किंग, जिम, पूल यांचा उल्लेखही नसतो. तिथे एक ओळ घालून घ्या: फ्लॅटबरोबर येणाऱ्या सामाईक सुविधा वापरण्याची मुभा मालकाने दिली आहे, आणि पार्किंगची अमुक नंबरची जागा दिली आहे. मालक सहसा नाही म्हणत नाहीत. नाही म्हणाले तर तेही आधीच कळलेलं बरं.

दुसरं, नोटीसबोर्डवरचा कागद म्हणजे ठराव नव्हे. सुविधा कुणी कशा वापरायच्या, त्याचे दर काय, हे सर्वसाधारण सभेत ठरायला हवं. चार-पाच जणांच्या कमिटीने लेटरहेडवर शिक्का मारून लावलं की तो नियम झाला, असं नसतं. मी मालकांना मेल करायला सांगितला. सूर अगदी साधा होता: शनिवार-रविवारच्या बंदीचा ठराव कोणत्या सभेत झाला, त्याची प्रत मिळावी. असा ठराव झालेलाच नव्हता. सेक्रेटरीकाकांनी ते मोकळेपणाने सांगितलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते म्हणून कधीतरी नोटीस लागली होती आणि मग ती कुणी काढलीच नाही.

सभेत आपल्याला मत नसतं, म्हणून मालकाला आधी तयार करावं लागतं. सहकारी सोसायटीची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि तिची नोटीस 14 दिवस आधी निघते. ऑगस्टमध्येच मालकाशी बोला, विषय लेखी द्यायला लावा. आमचे मालक पुण्याला राहतात, तरी आले. चर्चा तापली. एक आजोबा म्हणाले, "भाडेकरू आज आहेत, उद्या नाहीत, मोडतोड झाली तर कुणाला धरायचं?" प्रश्न रास्त होता. उत्तर असं निघालं की नुकसानीची जबाबदारी फ्लॅटवर राहील, म्हणजे मालकावर, आणि मालक ती आमच्या डिपॉझिटमधून वळती करून घेतील. गर्दीसाठी बंदीऐवजी सगळ्यांनाच पाऊण तासाची पाळी लावली. पाहुण्यांचं शुल्क तसंच राहिलं, ते राहायलाच हवं होतं. हॉल अजूनही भाडेकरूच्या नावावर बुक होत नाही, मालकाची सही लागते. ते मी सोडून दिलंय, वर्षातून एकदा हळदीकुंकवाला सही मागायला मला जड जात नाही.

नवी मुंबईत एक गोष्ट वेगळी बघावी लागते. सिडकोच्या बऱ्याच वसाहती सहकारी सोसायटी नाहीत, 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या असोसिएशन आहेत. तिथे सामाईक जागा कोणत्या, हे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रात लिहिलेलं असतं, आणि उपविधी, म्हणजे असोसिएशनचे स्वतःचे नियम, राहणाऱ्या भाडेकरूलाही बंधनकारक असतात. मालकाकडून तो कागद मागून घ्या. वर सांगितलेले सोसायटीचे नियम तिथे जसेच्या तसे लावू नका.

आणि पाणी, लिफ्ट, जिन्यातला दिवा यांचा पूलशी संबंध जोडू देऊ नका. या सुविधा नाहीत, गरजा आहेत. भाडे नियंत्रण कायदा घरमालकाला त्या तोडायला मनाई करतो. "टेनंटने सर्व्हिस लिफ्टच वापरायची" अशी पाटी दिसली तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा, सप्टेंबरपर्यंत थांबू नका.

घर बघायला जाल तेव्हा ब्रोकर तुम्हाला हॉल आणि बाल्कनी दाखवेल. खाली उतरल्यावर दोन मिनिटं नोटीसबोर्डपाशी उभे राहा, फोटो काढा आणि क्लबहाऊसच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना आहे का ते बघा. असेल तर मालकाशी बोलणं टोकन द्यायच्या आधी व्हायला हवं.