हार्डबूट घ्यायचेत? मग बोर्ड राहू दे, आधी पाय मोजा

स्नोबोर्डिंगमध्ये हार्डबूटकडे वळायचं ठरवलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न बोर्डाचाच असतो. केसलर कंपनीचा घेऊ का डोनेकचा, मेटल का साधा, लांबी १६५ सेंटिमीटर का १७५, आणि मी दरवेळी तेच सांगते की बोर्डाचं शेवटी बघू, आधी बूट. पैसे ठरलेले असतील तर त्यातला मोठा हिस्सा बुटांवर जाऊ दे, बोर्ड जुना मिळाला तरी घे, मस्त चालतो. पण बूट पायाला नीट बसले नाहीत तर जगातला सगळ्यात महागडा बोर्डसुद्धा तुमचं ऐकणार नाही, कारण तुम्ही जे काही सांगताय ते बोर्डापर्यंत पोचतच नाही, मधल्या मोकळ्या जागेत जिरून जातं.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्कीच्या बुटासारखे दिसणारे कडक प्लॅस्टिकचे बूट, त्यांना धरणारी प्लेटची बाइंडिंग, अरुंद लांब बोर्ड आणि दोन्ही पाय जवळजवळ समोर वळलेले. १९९८ ला नागानोत स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा जायंट स्लालम याच सामानावर झाला, आणि २०१८ ला एस्टर लेडेकाने स्कीवर सुपर-जी आणि बोर्डवर पॅरलल जायंट स्लालम अशी दोन्ही सुवर्णपदकं एकाच ऑलिम्पिकमध्ये घेतली ती पण यातलीच. आपल्याला रेसची गेट-बिट काही नको, आपल्याला फक्त सकाळच्या ग्रूम केलेल्या, म्हणजे मशीनने सपाट केलेल्या बर्फावर बोर्ड आडवा टाकायचा आणि मागे पेन्सिलीने मारल्यासारखी एक बारीक रेघ सोडायची. बर्फ खरवडत जाणं वेगळं आणि कापत जाणं वेगळं, एकदा पायाला ते कळलं की मग दुसरं काही नकोसं होतं, निदान माझं तरी तसंच आहे.

तर बूट. नेहमीच्या बुटाचा नंबर विसरा, पाय सेंटिमीटरमध्ये मोजा, भिंतीला टाच लावून, अंगाचा भार टाकून, दोन्ही पाय, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. तोच मोंडो साइज. मग बुटातला लायनर, म्हणजे आतला मऊ बूट, बाहेर काढा आणि नुसत्या रिकाम्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाय घाला, बोटं पुढे जेमतेम टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक ते दीड सेंटिमीटर असेल तर बरोबर, म्हणजे आडवं एक बोट सहज जातं. दोन बोटं जात असतील तर शेल मोठा आहे, दुकानदार कितीही म्हणू दे की जाड मोजे घाला. दुकानात पाच मिनिटं घालून छान मऊ वाटणारा बूट पहिल्या दोन दिवसांत लायनर दबला की ढिला होतो, आणि मग टाच उचलली जाते, मग आपण बकल आवळतो, मग पाय बधिर होतो, आणि बर्फावर बसून बकल सोडायचे-लावायचे हा दिवसभराचा उद्योग होऊन बसतो. लायनर गरम करून पायाच्या आकारात बसवता येतात, ते नक्की करून घ्या, बोटांवर टोपी चढवून म्हणजे पुढे जागा राहते, शक्यतो बुटाचं फिटिंग जाणणाऱ्या माणसाकडून.

कंपन्या मोजक्याच आहेत. डीलक्सचे ट्रॅक बूट पुढून जरा रुंद पायाला बरे पडतात. यूपीझेडचा बाहेरचा सोल आखूड असतो आणि आत टाच बरीच वर असते, त्यामुळे काहींना पहिल्याच दिवशी जमतात आणि काहींना कधीच जमत नाहीत. माउंटन स्लोप हे अलीकडचं नाव, जरा रेसकडे झुकणारं. यात चांगला कुठला असं नसतं, तुमच्या पायाचा कुठला एवढंच असतं. स्कीचे बूट घरात आहेत ते चालतील का, असं खूप जण विचारतात. बाइंडिंगमध्ये ते बसतात, पण घोट्यात वाकत नाहीत, सोल लांब असतो, आणि बोर्डवर घोटा वाकला नाही तर गुडघा वाकत नाही आणि सगळं वाकणं कमरेतून होतं. कमरेतून वाकणं हाच तर या खेळातला मोठा रोग. एक-दोन दिवस चव घ्यायला ठीक आहे, तेवढंच.

आणि जुने बूट घेत असाल तर प्लॅस्टिक बघून घ्या. पंधरा-वीस वर्षं गॅरेजमध्ये पडलेला शेल वरून नवा दिसतो आणि थंडीत चालू टर्नमध्ये तडकतो. बर्टन कंपनीने हे सामान बनवणं केव्हाच सोडलं, त्यांचे जुने बूट आणि प्लेट अजून विकायला येतात, माझं मत विचाराल तर भिंतीवर टांगा, पायात नको.

बाइंडिंगमध्ये दोन प्रकार. एकात पुढे-मागे स्टीलच्या तारा आणि बोटांपाशी लिव्हर, दुसऱ्यात इन्टेक म्हणजे स्टेप-इन, ज्यात बुटाच्या टाचेत दोन पिना असतात आणि बुटाच्या वरच्या भागात त्या सोडायची केबल. मी इन्टेक वापरते. टाच दाबली की खट् असा आवाज येतो, पण नुसत्या आवाजावर जाऊ नका. टाचेखाली बर्फ चिकटलेला असला की एक पिन बसते आणि दुसरी अर्ध्यात राहते, वरून काही कळत नाही. आधी बूट बाइंडिंगच्या कडेला घासून बर्फ काढायचा, मग दाबायचं, मग केबलचं हँडल पूर्ण खाली गेलंय का ते बघायचं आणि पाय उचलून दोन्ही बाजूंना पिळून बघायचा. दरवेळी. ही प्लेट पडल्यावर स्कीसारखी सुटत नाही, मुद्दामच सुटत नाही, त्यामुळे एक पाय सुटून दुसरा अडकलेला राहणं ही गुडघ्यासाठी फार वाईट गोष्ट आहे.

आता अँगल, म्हणजे बाइंडिंग बोर्डावर किती अंश पुढे वळवायचं ते. इथे लोक नेटवर आकडे शोधत बसतात, पुढच्या-मागच्या पायाला ६५-६० का ५५-५०, जसं काही ते आवडीवर असतं. ते बुटाची लांबी आणि बोर्डाची रुंदी यांच्यातलं गणित आहे. आमच्याकडे एक २० सेंटिमीटर वेस्टचा, म्हणजे मधे सगळ्यात अरुंद जागी तेवढा रुंद, बोर्ड आहे, तो मी पण वापरते आणि नवरा पण. माझा पाय २४, त्याचा २९. मी पुढचा पाय ५५ वर ठेवते, बूट कडेच्या आत राहतो. तोच अँगल त्याने ठेवला तर त्याची बोटं आणि टाच दोन्हीकडून बाहेर येतात, बोर्ड आडवा पडला की बूट आधी बर्फाला लागतो, कड उचलली जाते आणि माणूस फेकला जातो. म्हणून तो ६४-६५ वर. बूट कडेशी येईल पण बाहेर जाणार नाही, इतपत वळवायचं, बस. मागचा पाय त्याहून दोन-पाच अंश कमी. मोठ्या पायाच्या लोकांनी अँगल फारच वाढतोय असं वाटलं तर २२-२३ वेस्टचा बोर्ड बघावा, जरा रुंद बोर्डाला कोणी हसत नाही, उलट सॉफ्टबूटवरून, म्हणजे नेहमीच्या मऊ स्नोबोर्ड बुटांवरून, येणाऱ्याला तो सोपा जातो.

अँगलबरोबर उंचवटे येतात. पाय समोर वळलेले आणि एक पुढे एक मागे म्हटल्यावर पुढच्या पायाची बोटं वर आणि मागच्या पायाची टाच वर हवी असते, साधारण तीन-तीन अंश, मग दोन्ही गुडघे आपोआप जिथे हवेत तिथे येतात. बॉम्बरच्या बाइंडिंगमध्ये त्यासाठी वेगळ्या चकत्या असतात, एफटूमध्ये पाचर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किमान अर्धा दिवस तशीच चालवा, नाहीतर काय बदलल्याने काय झालं हे कळायचं नाही. स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा, पहिल्या दिवशी स्क्रू हमखास ढिले होतात.

आणि मग बोर्ड. इथे एकच आकडा समजून घेतला की पुरे, साइडकट रेडियस, म्हणजे बोर्डाची कड ज्या वर्तुळाच्या वळणाने आत कापलेली असते त्याची त्रिज्या. दहा मीटर रेडियसचा बोर्ड तुम्ही ६० अंश आडवा केला तर तो साधारण पाच मीटरचा टर्न घेतो, कोसाइनचा हिशोब आहे, दहावीतला. म्हणजे जितका आडवा तितका लहान टर्न, आणि जितका मोठा रेडियस तितका त्याला वेग आणि मोकळी जागा जास्त लागते. रेसवाल्या पुरुषांचा जायंट स्लालमचा बोर्ड १८५ च्या आसपास, रेडियस वीस मीटरच्या वर. तो आपल्या शनिवारच्या गर्दीच्या स्लोपवर घेऊन काय करणार, वळायच्या आत जंगल येतं. सुरुवातीला १६० ते १७० सेंटिमीटर लांबी, दहा-अकरा मीटर रेडियस, फार कडक नको. मेटल म्हणतात ते टायटॅनल, ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्याचा पातळ थर घातला की बोर्ड थरथरत नाही, कडक बर्फावर खरंच फरक पडतो. पण मेटल बोर्ड एकदा वाकला की वाकलाच, जुना घेताना जमिनीवर ठेवून बाजूने नीट बघा. माझ्या मते पहिला बोर्ड साधा फायबरग्लासचा असावा, जुना.

मी कोलोरॅडोत आहे, त्यामुळे माझं सगळं इथल्या कोरड्या बर्फाच्या हिशोबाने. आय-सेव्हन्टी हायवेवरचा ट्रॅफिक टाळून लिफ्ट सुरू व्हायच्या आधी पोचायचं, पहिले दोन तास मनसोक्त कापायचं, अकरानंतर स्लोप उखडला आणि माणसं वाढली की कॉफी प्यायला बसायचं. शिकायला बटरमिल्कसारखा रुंद, सौम्य डोंगर हवा, किंवा कॉपर माउंटन या रिसॉर्टची पश्चिमेकडची बाजू. आणि गर्दीचं मी हौसेने नाही सांगत, कार्व्ह करताना आपण स्लोपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, कधीकधी टर्नच्या शेवटी परत वर चढतो, आणि मागून येणाऱ्याला ते अपेक्षितच नसतं. नियमाने खालच्याला प्राधान्य असतं, पण धडक बसल्यावर नियम काय करणार, त्यामुळे प्रत्येक टर्न बदलताना मान वळवून वर बघायचं. मान वळवल्याने शरीर पण टर्नमध्ये वळतं, तो वेगळा फायदा. बर्फाला हात लावायचा मोह सगळ्यांना होतो, फोटो तसेच असतात ना, पण हात लावायला गेलं की खांदा पडतो आणि कडेवरचा दाब जातो. आधी बोर्ड आडवा, बर्फ आपणहून हाताशी येतो.

एज, म्हणजे बोर्डाची स्टीलची कड, धारदार ठेवा, बाजूने ८८ किंवा ८९ अंश, आणि दर दिवसानंतर कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, एका रात्रीत गंज धरतो.

भारतातून बरेच जण विचारतात की हे सामान गुलमर्गला नेऊ का. नका नेऊ. गुलमर्गची मजा पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात आहे, तिथे अरुंद बोर्ड नाक खाली घालून बुडतो, सॉफ्टबूट आणि रुंद बोर्डच न्या. औलीच्या स्लोपवर चालू शकेल, पण तिथे बर्फाचाच भरवसा नसतो आणि एवढं वजन विमानाने न्यायचं म्हणजे खर्च बघा. युरोपात किंवा जपानला जाणार असाल तर मात्र बूट स्वतःचे न्या, हँडबॅगेजमधून न्या. बोर्ड कुणाकडून तरी मागून मिळू शकतो, पायाला बसलेले बूट मागून मिळत नाहीत.