जिवंत आमिषावर मोठा कॅटफिश: नदीच्या वळणावरील एका रात्रीचा वृत्तांत

मोठ्या कॅटफिशच्या, म्हणजे लांब मिशांच्या माशाच्या, मागावर निघालेल्या माणसाचे लक्ष साहजिकच रॉड, रील आणि गळ यांकडे असते. या वेळी मात्र आमच्या तयारीचा बराच मोठा भाग वीतभर लांबीच्या आमिषाच्या माशांवर खर्च झाला, आणि रात्रीचा निकालही त्यांच्याच तजेल्यावर ठरला. त्यामुळे या वृत्तांतात कॅटफिशपेक्षा त्या लहान माशांविषयी अधिक लिहिले आहे. ज्यांना असाच बेत आखायचा आहे त्यांना त्याचाच अधिक उपयोग होईल, असे मला मनापासून वाटते.

सर्वांत आधी नियमांची खात्री करून घ्यावी. जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास सर्वत्र परवानगी नाही. जर्मनी, नेदरलँड्स आणि आयर्लंड या देशांत त्यास बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथेही कोणती जात वापरावी, ती कुठून पकडावी आणि कशी न्यावी यांवर अटी असू शकतात. शिवाय आपण ज्या कॅटफिशच्या शोधात आहोत त्याला जिवंत आमिष खरोखर हवे आहे का, हेही पाहावे. उत्तर अमेरिकेतील पूर्ण वाढलेला फ्लॅटहेड कॅटफिश प्रामुख्याने मासेच खातो आणि जिवंत आमिषाकडे त्याचा ओढा स्पष्ट असतो. युरोपातील वेल्स कॅटफिश जिवंत माशावर जोमाने येतो. चॅनल आणि ब्लू कॅटफिश या अमेरिकी जाती मात्र माशाच्या ताज्या तुकड्यांवरही उत्तम लागतात, आणि त्यांच्यासाठी जिवंत आमिषाचा सारा खटाटोप बहुतेक वेळा अनाठायी ठरतो.

जिवंत आमिष इतके परिणामकारक का ठरते, याचे उत्तर कॅटफिशच्या शरीरातच आहे. त्याच्या मिशांवरच नव्हे तर सर्वांगाच्या त्वचेवर चव ओळखणाऱ्या पेशी असतात, हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणाऱ्या हाडांच्या साखळीमुळे त्याला उत्तम ऐकू येते, आणि इतर जिवांच्या शरीराभोवतीचे अतिशय क्षीण विद्युतक्षेत्रही त्याला जाणवते. पोहणारा मासा मागे पाण्यात जी खळबळ सोडत जातो, तिचा मागही तो काढतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेल्स कॅटफिशने संपूर्ण अंधारात लहान गप्पी माशांचा पाठलाग केला, आणि 10 सेकंदांपूर्वी त्या माशांनी पाण्यात सोडलेला मागही त्याला अचूक धरता आला. हे एकदा लक्षात घेतले की थकलेला, एका जागी निपचित पडलेला मासा गळाला लावून आपण त्याचा निम्मा उपयोग गमावतो, हे सहज पटते.

म्हणूनच आम्ही दुपारीच नदीवर पोहोचलो आणि हलक्या रॉडवर, लहान गळाला गांडूळ लावून, रात्री जिथे बसायचे होते त्याच पाण्यातून आमिषाचे मासे धरले. याच पाण्यातील मासे घेण्याचा आग्रह दोन कारणांसाठी आहे. दुसऱ्या पाण्यातून आणलेल्या माशांबरोबर रोग, परजीवी आणि परक्या जाती येतात. आणि तेथील कॅटफिश रोज ज्यावर जगतो तेच खाद्य त्याच्यापुढे जाते. आकार 15 ते 20 सेंटिमीटर ठेवला. त्याहून लहान मासा किरकोळ कॅटफिशही गिळून टाकतात, आणि मग मोठ्याची वाट पाहण्यात अर्थ उरत नाही. जातींपैकी ब्लूगिलसारखे रुंद अंगाचे मासे आणि लहान बुलहेड (कॅटफिशचीच एक छोटी जात) अत्यंत काटक असतात व गळावर तासन्‌तास टिकतात. शॅडसारखे चंदेरी, नाजूक खवल्यांचे मासे कॅटफिशला आवडतात खरे, पण ते चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात गर्दी करून लवकर मरतात. त्यांच्यासाठी गोल टाकी आणि सतत फिरते पाणी लागते.

पकडलेले मासे सायंकाळपर्यंत ताजे ठेवणे हेच या सगळ्यातले खरे कसब आहे. काठावर पाणी वाहते असेल तर जाळीचा पिंजरा धारेत बांधून ठेवण्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि आम्ही बहुतेक मासे तसेच ठेवले. टब वापरायचाच असेल तर 60 लिटर पाण्यात या आकाराच्या दहा-बारा माशांहून अधिक ठेवू नयेत, एअर पंप अखंड चालू असावा आणि टब सावलीत असावा. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो: 10 अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात म्हणूनच बंद बाटलीत गोठवलेले पाणी टबात तरंगत ठेवावे, म्हणजे तापमान हळूहळू उतरते आणि वितळलेल्या बर्फातील क्लोरीन पाण्यात मिसळत नाही. नळाच्या पाण्यापेक्षा नदीचे पाणी केव्हाही चांगले. पृष्ठभागावर फेस टिकून राहू लागला, किंवा मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर अमोनिया वाढला आहे किंवा प्राणवायू कमी पडतो आहे असे समजून एक तृतीयांश पाणी लगेच बदलावे. मासा हाताळताना हात ओले असावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तो मासा पुढे फार वेळ तग धरत नाही.

जागा निवडताना आम्हाला फार शोधाशोध करावी लागली नाही. नदीच्या बाहेरच्या वळणावर धारेने काठ पोखरलेला होता, खाली खोल डोह होता आणि पुरात वाहून आलेले ओंडके त्यात अडकलेले होते. दिवसा मोठा कॅटफिश अशाच आडोशाला राहतो आणि अंधार पडल्यावर डोहाच्या कडेने उथळ पाण्याकडे चरायला येतो. त्यामुळे एक रॉड ओंडक्यांच्या अलीकडे आणि दुसरा डोह जिथे उथळ होत जातो त्या चढावर, अशी मांडणी केली. ओंडक्यांत थेट आमिष टाकू नये, कारण जिवंत मासा स्वतःच फांद्यांत शिरून दोर गुंतवतो.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. भक्कम रॉड, सुमारे 36 किलो ताकदीची वेणीची दोर, त्यावर मोकळे सरकणारे 100 ते 150 ग्रॅमचे शिसे, मग मणी, मजबूत स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) आणि 40 ते 50 सेंटिमीटर लांबीची जाड मोनोफिलामेंटची (एकपदरी नायलॉनची) लीडर, म्हणजे गळाला जोडलेला दोरीचा शेवटचा तुकडा. लीडर याहून लांब ठेवली तर आमिष फार भटकते आणि अडकते. गळ 8/0 किंवा 10/0 या मोठ्या आकाराचा सर्कल हुक, म्हणजे टोक आत दांड्याकडे वळलेला गोलसर गळ, आणि तोही टोक दांड्याच्याच रेषेत असलेला, बाजूला कललेला नव्हे. त्याने मासा बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि गळ पोटापर्यंत जाण्याचे प्रमाण कमी होते.

गळ आमिषात कुठे ओवायचा, हे पाण्याच्या ओढीवर अवलंबून आहे. धारेतल्या रॉडवर आम्ही गळ दोन्ही ओठांतून, खालून वर असा काढला, म्हणजे मासा धारेकडे तोंड करून राहतो आणि त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहत राहते. संथ पाण्यातल्या रॉडवर तो पाठीवरच्या परामागे, कण्याच्या बराच वर, वरवरच्या मांसातून घातला. तिथे मासा मोकळेपणाने फिरतो आणि जास्त हालचाल करतो. कण्याला धक्का लागला तर मासा काही मिनिटांत लुळा पडतो. दोन्ही पद्धतींत गळाचे टोक आणि टोक व दांडा यांमधील अंतर पूर्ण मोकळे दिसले पाहिजे. मांसात बुडालेला सर्कल हुक जबड्याला लागतच नाही.

अंधार पडल्यावर रॉडची टोके वाचणे हेच मुख्य काम उरले. निरोगी आमिष खाली असेल तर टोक बारीक, अनियमित थरथरत राहते. ती थरथर मंदावली की आमिष थकले आहे असे समजावे, आणि कंटाळा न करता ते बदलावे. मध्यरात्रीच्या आसपास माझ्या सहकाऱ्यांनी चढावरच्या रॉडचे सुस्तावलेले आमिष काढून पिंजऱ्यातील ताजा मासा लावला, आणि थोड्याच वेळात त्या टोकाची लय एकाएकी बदलली. थरथरीच्या जागी घाबरलेले, जलद झटके दिसू लागले. त्याचा अर्थ मोठा मासा जवळ आला आहे आणि आमिषाला त्याची चाहूल लागली आहे. मग क्षणभर सगळे थांबले, आणि त्यानंतर टोक सावकाश, न थांबता पाण्याकडे झुकत गेले.

या क्षणी रॉड झटक्याने ओढण्याचा मोह आवरावा. सर्कल हुकला झटका दिला तर तो तोंडातून सरळ बाहेर येतो. रॉड स्टँडमध्येच पुरता वाकू द्यावा, मग हातात घेऊन दोर फक्त ताणत न्यावी. सहकाऱ्यांनी तसेच केले, आणि मासा ओंडक्यांकडे वळताच रॉड आडवा करून त्याला बाजूने दाबून डोहाच्या मोकळ्या भागात आणले. पहिल्या अर्ध्या मिनिटात दिलेला हा दाब निर्णायक असतो; एकदा मासा फांद्यांत शिरला की कितीही मजबूत दोर असली तरी तिचा उपयोग होत नाही. काठाशी आलेला कॅटफिश साधारण मीटरभर लांबीचा होता, आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात स्वच्छ अडकलेला होता.

इतका मोठा मासा बऱ्याच वर्षांचा असतो आणि प्रजननासाठी मोलाचा असतो, म्हणून त्याला परत सोडण्याची तयारी आधीपासून असावी. मोठे जाळे, ओली मॅट, लांब पक्कड आणि खालचा जबडा धरण्यासाठी हातमोजा जवळच ठेवावा. कल्ल्यांत बोटे घालू नयेत, मासा जबड्याला धरून उभा टांगू नये. पोटाखाली दुसरा हात देऊन आडवा उचलावा. छातीच्या परांतील काटे टोकदार असतात आणि त्यांची जखम चिघळते, त्यामुळे तिथे हात जाणार नाही याची काळजी घ्यावी. सोडताना त्याचे तोंड धारेकडे करून, तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत आधार द्यावा.

रात्रभर काठावर बसणाऱ्यांनी रॉड स्टँडला दोरीने बांधून ठेवावेत आणि पोखरलेल्या काठाच्या अगदी कडेला उभे राहू नये. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी सोडण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, आणि काठाशी एक काठी रोवून पाण्याची पातळी अधूनमधून पाहावी.

उरलेले आमिष कुठल्याही दुसऱ्या पाण्यात सोडू नये. जे मासे ज्या नदीतून धरले त्याच ठिकाणी, तेही नियम परवानगी देत असतील तरच, परत सोडावेत; अन्यथा लगेच मारून त्यांचे तुकडे पुढच्या वेळेसाठी गोठवावेत. टबातील पाणी नदीपासून दूर जमिनीवर ओतावे, आणि टब, पिंजरा, जाळे दुसऱ्या पाण्यावर नेण्यापूर्वी उन्हात पूर्ण कोरडे करावेत.