चौकटीबाहेरची माणसं

शनिवार, रात्री

पलंगावर, गादीवर अंग टाकून पडलेली वाघीण. आसामचा हा फोटो परत फिरतोय, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला त्यात गंमत दिसत नाही. जुलै २०१९ मध्ये पुरानं काझीरंगाचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला होता. जीव वाचवत ती महामार्गालगतच्या एका घरात शिरली आणि थकून दिवसभर झोपली. घरची मंडळी बाहेर पडली. वनखात्यानं तिला झोपू दिलं, संध्याकाळी रस्त्यावरची वाहनं थांबवली आणि ती आपल्या पायांनी जंगलाकडे गेली.

मला त्या फोटोत न आलेली माणसंच जास्त दिसतात.

कारण आपल्या कोथरूडचे फोटोही डोळ्यांसमोर आहेत. ९ डिसेंबर २०२०, महात्मा सोसायटी. रानगवा. इमारतींच्या कुंपणभिंती, पार्क केलेल्या गाड्या, आणि त्यांच्यामधून सैरावैरा धावणारं ते काळंभोर, पांढऱ्या पायमोज्यांचं जनावर. तोंडाला जखम, रक्त. मागे मोबाईल उंचावलेली गर्दी. खुरांची जनावरं अशी तासन्‌तास पळवली की अंगातली उष्णता वाढत जाते, स्नायू निकामी होऊ लागतात. त्यात भीती, त्यात भुलीचं औषध. त्याच दिवशी गवा गेला. आजही त्या बाजूनं जाताना मला राग येतो, आणि तो ओसरावा असंही वाटत नाही.

त्याच महिन्यात बावधनकडे दुसरा गवा आला. या वेळी लोकांना लांब ठेवलं आणि तो जंगलात परतला. शहर तेच, महिना तोच! तेव्हा 'पुणेकरांना कळतच नाही' हे काही मला पटत नाही.

नयन खानोलकरांच्या आरेतल्या बिबट्याच्या फोटोला २०१६ मध्ये वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. रात्रीची गल्ली, दोन्हीकडे घरं, आणि मधून बिबट्या आपल्या चालीनं चाललाय. तिथले वारली लोक त्याच्यासोबत राहायला शिकलेत, म्हणून ती चाल तशी निवांत. असा फोटो पाहिला की आधी जनावराचे कान आणि पाय बघते. ते निवांत असेल तरच पुढे पाठवते.

सोमवारी वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये वनविभागाचा १९२६ हा नंबर मोठ्या अक्षरांत लावायचाय. आमच्या मागची टेकडी काही फार लांब नाही.