झेंड्यावरचे सात पट्टे

स्वित्झर्लंडमधल्या देलेमाँच्या स्टेशनाबाहेर ज्युराचा झेंडा फडकत होता. डावीकडे बिशपचा लाल दंड, उजवीकडे लाल-पांढरे पट्टे. मी उभ्या उभ्या मोजले: सात. जुन्या ज्युराच्या सात जिल्ह्यांचे सात. पण १ जानेवारी १९७९ला हा कँटन, म्हणजे स्विस राज्य, जन्मला तेव्हा वाट्याला आले तीनच!

१८१५च्या व्हिएन्ना परिषदेत बाझलच्या बिशपचा हा जुना मुलूख बर्न कँटनला देऊन टाकला. फ्रेंच बोलणारी माणसं, उत्तरेत कॅथलिक, आणि कारभार जर्मनभाषक प्रोटेस्टंटांचा. ती सल दीडशे वर्षं गेली नाही. २३ जून १९७४च्या मतदानात वेगळ्या कँटनसाठी ३६,८०२ मतं पडली, विरोधात ३४,०५७. दक्षिणेचे जिल्हे मात्र बर्नकडेच राहिले. लाउफेन जिल्हा तर १९९४मध्ये बाझल-लँडशाफ्ट कँटनला गेला.

माझा जीव गुंतलाय तो बर्नकडे राहिलेल्या मूत्ये गावात. २०१७ला तिथे थोडक्या मतांनी ज्युराचा कौल मिळाला आणि मतदानच रद्द झालं. लोकांनी २०२१ला पुन्हा मत दिलं, पुन्हा ज्युरालाच. १ जानेवारी २०२६ला गाव अखेर ज्युरात आलं. एका गावाची सीमा हलायला इतकी वर्षं लागली, पण हलली ती मतपेटीतून, याचं मला फार अप्रूप वाटतं. झेंड्यावरचे पट्टे अजून सातच आहेत.