खण क्रमांक ४ : तांबं परत शून्यावर

माझ्या ट्रेत भारतातली धातुकं आणि शेजारी त्यांच्यातून निघणारा धातू, अशा जोड्या लावतोय. गेल्या नोंदीपासून ट्रे एक खण मागे गेला होता, कारण तांब्याचा भरलेला खण मीच रिकामा केला.

तिथे प्रदर्शनातून घेतलेला पिवळाधमक कॅल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज, होता. बघणारा हमखास विचारायचा, "सोनं का हो?" शुद्ध कॅल्कोपायराइटमध्ये वजनाच्या ३४.६ टक्के तांबं असतं. मध्य प्रदेशातल्या मलांजखंडच्या खाणीतला दगड मात्र साधारण एक टक्क्याचा. म्हणजे माझा खण चक्क थापा मारत होता.

आता तिथे एका निवृत्त खाणकामगार काकांनी दिलेला गारगोटीचा ओबडधोबड तुकडा आहे. त्यात पिवळे ठिपके शोधावे लागतात. कोरडं वजन २१२.४ ग्रॅम. दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळवला तर १३३.३. फरक ७९.१, म्हणून विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड) २.६८५. निव्वळ गारगोटीचं २.६५, कॅल्कोपायराइटचं ४.२ च्या आसपास. तुकड्यात ही दोनच खनिजं धरली, तर कॅल्कोपायराइट वजनानं साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि तांबं १.२ टक्के! कागदावर आकडा उतरला तेव्हा मी एकटाच हसलो. पण फार हुरळू नका. फरक ७९.१ ऐवजी ८० आला असता, तर तांबं ०.२ टक्क्यांवर घसरलं असतं. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. दगडाला चिकटलेले बुडबुडेही ब्रशनं झटकून घ्या.

लोखंडाचा खण बिनतक्रार. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाचं हेमॅटाइट (लोखंडाचं धातुक), घासल्यावर उमटणारी रेघ लालबुंद, पुढे काही सांगण्यासारखं नाही.

मँगनीजसाठी भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचं धातुक मिळालं. बोटं काळी करतं, साबणालाही दाद देत नाही. तिथलं मँगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलसाठी वापरतात, म्हणून टॉर्चचा जुना साधा सेल उघडला (अल्कलाइन नको, त्याचं कवच पोलादाचं असतं आणि आतला क्षार हात भाजतो). आत तीच काळी भुकटी, आणि बाहेरचा डबा जस्ताचा. एका सेलनं दोन खणांची सोय केली.

जस्ताच्या खणात तो पत्रा बसला, तरी मन राजस्थानातल्या जावरमध्येच अडकलंय. जस्त ऑक्साइडमधून सुटतं तेव्हा भट्टी त्याच्या ९०७ अंश सेल्सिअस उत्कलनबिंदूच्या वर पोचलेली असते. म्हणून ते वाफ होऊनच बाहेर येतं आणि हवा लागली की परत ऑक्साइड. मध्ययुगातल्या तिथल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या लावल्या. वाफ नळीतून खाली उतरायची आणि खालच्या थंड कप्प्यात जमायची. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियननं जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. वापरलेल्या मुशींचे ढिगारे जावरमध्ये अजून आहेत, काही घरांच्या भिंतीही त्यांच्याच. ट्रेत एखादं खापर हवं असं कितीही वाटलं तरी तिथून उचलायचं नाही, हे ठरलंय. फोटो चालेल.

सोन्याचा खण रिकामाच आहे. कर्नाटकातली कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, पण तिथलीच हुट्टीची खाण चालू आहे. हुट्टीच्या दगडात डोळ्यांना बहुधा काहीच दिसणार नाही, आणि तसाच तुकडा मला हवाय.