खाडीकाठच्या घराचे फोटो काढायचे तर आधी पंचांग उघडा

कोकणातलं घर किंवा प्लॉट घेणारं गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-पुण्याचं असतं. फोनवर फोटो बघून ते ठरवतं, शनिवार-रविवार घालवून खाली उतरायचं की नाही. म्हणून या धंद्यात कॅमेऱ्याइतकीच तारीख महत्त्वाची असते. एजंटला फोटो 'उद्याच' हवे असतात, पण उद्या फोटोच्या वेळी ओहोटी असेल तर खाडीऐवजी चिखल विकायला काढाल.

कोळ्यांचा जुना हिशेब इथे कामाला येतो. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्याच. पण दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. पौर्णिमेला उधाण म्हणून संध्याकाळचं काम घेतलंत तर सूर्य मावळताना पाणी तळाला गेलेलं असतं. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या आसपास, म्हणजे संध्याकाळच्या फोटोला अष्टमी-नवमी बरी. मे महिन्यात सूर्यास्त सातला जातो, तेव्हा नवमी-दशमी. हे भांगाचे दिवस, पाणी काठोकाठ चढत नाही, पण फार ओसरतही नाही, त्यामुळे वेळ थोडी चुकली तरी फोटो हातचा जात नाही.

समुद्राकडे तोंड असलेल्या घराचा दर्शनी भाग पश्चिमेला, म्हणजे दुपारपर्यंत सावलीत. सकाळी लवकर पोचून तिथे काही मिळत नाही. सकाळ आतल्या खोल्यांना द्या, बाहेरचं साडेतीननंतर. दिवे लावून काढायचा फोटो सूर्यास्तानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटांत. आपल्याकडे संधिप्रकाश पटकन संपतो, म्हणून ट्रायपॉड आधीच लावून ठेवा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळची फेरीबोट पकडून परतायचं असेल तर शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारा, नाहीतर मुक्कामाचा खर्च त्याच कामातून जातो.

आता आतलं काम. कौलारू घराची पडवी लख्ख उजेडात आणि माजघर काळोखात, एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), ट्रायपॉडवरून पाच फोटो, प्रत्येकात दोन स्टॉपचं, म्हणजे चौपट उजेडाचं अंतर, सगळे रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये), मग ते जोडून एक करायचे. त्यातला सगळ्यात उजळ फोटो काही सेकंदांचा होतो, म्हणून पंखे बंद करा आणि झोपाळा बांधून ठेवा. वाऱ्याने हलला तर पाच फोटो जोडताना त्याच्या तीन-तीन कड्या दिसतात. काचेचं कौल असेल तर त्याखालचा उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकेपर्यंत थांबा.

दिवे विझवूनच काढा. पिवळा बल्ब, दारातून येणारा निळसर उजेड, माडा-पोफळींवरून आलेली हिरवी झाक आणि लाल कोब्यावरून भिंतीवर चढणारा तांबूस रंग, हे चारही एकत्र आले की चुन्याची भिंत कुठल्याच सेटिंगने पांढरी होत नाही. प्रत्येक खोलीत ग्रे कार्डचा, म्हणजे नंतर रंग जुळवायला लागणाऱ्या राखाडी पुठ्ठ्याचा, एक फोटो घ्या. फ्लॅटमधली सवय म्हणून फ्लॅश वर मारू नका, वर छत नाही, कौलं आणि वासे आहेत. ते अर्धा उजेड गिळतात आणि उरलेला तपकिरी करून खाली पाठवतात. पांढऱ्या भिंतीवर किंवा पांढऱ्या छत्रीत मारा.

कॅमेऱ्याची उंची खोलीच्या उंचीच्या साधारण निम्मी ठेवा. जुन्या घराच्या भिंती ओळंब्यात नसतात, त्यांच्याशी जुळवत बसलात तर खांब कलतात. कॅमेरा लेव्हलवर सरळ करा आणि भिंत जशी आहे तशी राहू द्या. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ मिमीपेक्षा रुंद लेन्स वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दिसते, आणि तीनशे किलोमीटर येऊन फसलेलं गिऱ्हाईक एजंटला जे बोलतं ते एजंट आपल्याला व्याजासकट ऐकवतो.

पावसाळ्यात आतले फोटो उलट सोपे जातात, कारण ढगामुळे आत-बाहेरच्या उजेडातली तफावत कमी होते. बाहेर मात्र झडीला बांधलेली ताडपत्री आणि शेवाळलेला चिरा. बाहेरचं काम ऑक्टोबर अखेरीस दुसऱ्या खेपेला करा आणि ती खेप दरात पहिल्यापासूनच धरा. सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा प्लॉट ऑगस्टात हिरवा गालिचा असतो आणि एप्रिलात काळा कातळ, म्हणून फोटोखाली महिना लिहावा.

सामानाचा मोठा शत्रू बुरशी. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळं जेल गुलाबी झालं की मंद तापवून वाळवा. एसी गाडीतून उतरल्यावर बॅग अर्धा तास उघडू नका, लेन्सवर दव धरतं. खारा थर कोरड्या फडक्याने पुसला तर चरे पडतात, आधी ओलसर करा.

ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. वजन कितीही असो, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका, विशेषतः चिपी विमानतळ आणि रत्नागिरीच्या तटरक्षक दलाच्या तळाच्या आसपास. हवाई फोटोवर हद्दीची लाल रेघ गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) अंदाजाने मारू नका. मोजणीचा नकाशा मागा, नसेल तर रेघ नाही.

काम घेताना सातबारा बघा. त्यावर पाच-सात नावं असतात, किल्ली गावातल्या भावाकडे आणि हरकत मुंबईतल्या चुलत्याची. फोटो काढायला सांगणाऱ्याकडून लेखी घ्या. त्याच कागदावर हक्काचंही लिहा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. तेच फोटो पुढे होमस्टेच्या जाहिरातीत दिसले तर करार नसताना वेगळे पैसे मागता येत नाहीत. 'फक्त या विक्रीच्या जाहिरातीसाठी, मालकी फोटोग्राफरची' एवढी ओळ आणि खाली काम सांगणाऱ्याची सही पुरते.